युलानने बरोबर ठरवलेलं उत्तर

खारवायला घातलेला मोहरीचा पाला अर्धाच तुडवून झाला होता. पाय स्वच्छ घासून मी रांजणात उभी होते आणि युलान बाहेरून थर लावत होती. दोन दिवस उन्हात मऊ पडलेला पाला, वर मीठ, पुन्हा पाला. मध्येच तिनं मिठाची पाटी खाली ठेवली. "वहिनी, एक फोन करून येते," म्हणाली आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे गेली.

मी तुडवत राहिले. पाला दबला, खाऱ्या पाण्यानं घोटे झोंबायला लागले, तरी ती येईना. हाक मारली तरी ओ नाही. शेवटी मीच रांजणातून उतरले आणि ओल्या पायांनी मागे गेले. ती उपड्या बादलीवर बसली होती. फोन मांडीवर होता आणि बोटांवरचं मीठ वाळून पांढरं झालं होतं.

"काय गं, काय झालं?"

"त्यानं उचलला फोन."

"कोणी?"

"पुतायच्या मुलानं. वहिनी, त्यांच्या गावाचे सगळे मासे सडले. माझ्यामुळे."

मला काही उलगडेना. पुताय कुठे, तिकडे दक्षिणेला समुद्राकाठी, आणि ही आमची चूतुंगची बाई, जी बाजारातून मासा आणला तरी साफ करायला माझ्याकडे देते.

फंग युलान ही माझी नणंद. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जायची. सासरे लवकर गेले. मग ती दिवसा दूरदर्शन संचांच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर बसायची आणि संध्याकाळी शाळेत. लग्नाचं दोनदा जमत आलं आणि दोनदा फिसकटलं. एकदा मुलाकडच्यांनी पत्रिका पाहून नको म्हटलं. दुसऱ्यांदा ती आपणहून नको म्हणाली, का ते कधी सांगितलं नाही. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांना रोज रात्री कुशीवर वळवायचं काम युलानचं होतं आणि त्या जाईपर्यंत तिनं ते कोणाला करू दिलं नाही.

ती शिन्चूच्या एका कंपनीत लागली तेव्हा ती कंपनी सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर होती. आता मोठी काचेची इमारत आहे. तिथे डीबगर बनवतात. हा शब्द मला कित्येक वर्षं नीट उच्चारता येत नव्हता. एकदा भांडी पुसता पुसता मी विचारलं, "अगं, तू तिथे दिवसभर करतेस तरी काय?" तेव्हा तिनं माझ्या फळीवरचे डबे दाखवले.

"समजा वहिनी, प्रोग्राम म्हणजे बंद स्वयंपाकघर. आत डबेच डबे. प्रत्येक डबा कशाचा ते ठरलेलं असतं, याच्यात धान्य, त्याच्यात तेल. आणि आत किती आहे ते सारखं बदलत असतं. स्वयंपाक बिघडला की आचारी खिडकीतून डोकावतो आणि विचारतो, हा डबा कशाचा, आत किती? ती खिडकी म्हणजे डीबगर."

"आणि तू?"

"मी खिडकीची काच तपासते. मी स्वतः डबे भरून ठेवते, म्हणजे आत काय आहे ते मला आधीच ठाऊक असतं. मग आमचं यंत्र रोज रात्री आपलं आपण प्रत्येक डब्यापुढे जाऊन खिडकीला विचारतं, हा कशाचा, आत किती? मी लिहून ठेवलेलं उत्तर आणि खिडकीनं दिलेलं उत्तर जुळलं की हिरवं. नाही जुळलं की लाल."

"एवढंच?"

"एवढंच," ती तोंडावर हात ठेवून हसली. "पण डबे हजारो आहेत."

तिच्या तपासणीच्या यंत्रावर मक्याच्या कुरकुरीत खाऊचा हिरवा पुडा ठेवलेला असायचा. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ठेवतातच. हिरवाच लागतो, पिवळा चालत नाही, आणि तारीख उलटलेला तर नाहीच नाही. पुडा मी आणायची, सकाळी उदबत्ती लावताना देव्हाऱ्यातल्या क्वान-यिन मातेच्या पायाशी ठेवायची आणि मग युलान घेऊन जायची. एकदा माझ्या नवऱ्यानं तो फोडून खाल्ला. नेमकं त्याच दिवशी कंपनीत सगळं लाल झालं. युलान कितीतरी दिवस भावाशी धड बोलली नव्हती. "एवढी शिकलेली बाई आणि खाऊच्या पुड्यावर भरवसा!" असं तो अजून चिडवतो.

आता चूक कशी झाली ते लिहिते. तिनं मला इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ झालंय.

गेल्या वसंतात, पितरांच्या कबरी साफ करायच्या सणाच्या तोंडावर, कंपनीनं डीबगरची नवी आवृत्ती काढली. तिच्यात उत्तर दाखवायची धाटणी बदलली होती. आधी डब्याचं नाव आणि आकडा चिकटून यायचे, आता मध्ये एक मोकळी जागा आली. माणसाच्या डोळ्याला तो फरक नाहीच, पण यंत्राला अक्षरन् अक्षर जुळायला हवं. सकाळी युलान जाऊन बघते तर हजारो लाल.

अशा वेळी त्यांच्याकडे एक रीत आहे. एकेक उत्तर हातानं कोण बदलत बसणार? एक आज्ञा द्यायची की आज खिडकी जे दाखवतेय तेच इथून पुढे बरोबर उत्तर. यंत्र जुनी उत्तरं पुसतं, नवी लिहून घेतं आणि सगळं हिरवं होतं. सगळेच असं करतात, त्यात लबाडी नाही. फक्त आज्ञा देण्याआधी काय काय बदललं ते कोणीतरी डोळ्याखालून घालायचं असतं. ते काम युलानचं.

तिनं घातलं. पानामागून पान, मोकळी जागा, मोकळी जागा, मोकळी जागा. डोळ्यांना सवय होते, म्हणते ती. आकड्याकडे बघणं कधी थांबलं आणि नुसत्या जागेकडे बघणं कधी सुरू झालं ते कळत नाही. तिनं आज्ञा दिली, सगळं हिरवं झालं आणि ती आमच्याबरोबर डोंगरावर गवत काढायला आली. त्या दिवशी ती खुशीत होती. सासऱ्यांच्या कबरीवर पितरांसाठी ठेवायचे पिवळे कागद तिनंच दगडाखाली दाबले.

त्या ढिगात थोडी उत्तरं अशी होती की ज्यांत मोकळ्या जागेबरोबर आकडाही बदलला होता. एका छोट्या जातीच्या डब्यात उणे आकडा असला की नवी खिडकी तो भलताच मोठा करून दाखवत होती. आत उणे अठरा, बाहेर पासष्ट हजार पाचशे अठरा. डबा कशाचा तेही चुकीचं येत होतं, उणे न धरणाऱ्या जातीचा म्हणून. आणि युलाननं तेच बरोबर उत्तर ठरवलं होतं. तिथून पुढे यंत्र रोज रात्री हेच तपासत होतं की खिडकी कालच्याइतकंच खोटं बोलतेय ना. आणि रोज सकाळी हिरवं.

शरदात तिला एका ग्राहकाची चौकशी आली. थू छंगयान नावाचा मुलगा, च्यायीच्या एका छोट्या कंपनीत कामाला. त्यानं आपल्याच गावच्या, पुतायच्या मच्छीमार सोसायटीच्या शीतगृहाचं यंत्र बसवलं होतं. काम त्यानंच आणलं होतं, कारण शीतगृहाच्या किल्ल्या त्याच्या वडिलांकडे असायच्या. त्यानं विचारलं होतं की आतल्या बाजूला तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा पासष्ट हजारांच्या वर दिसतोय, तुमचा डीबगर तर चुकत नाही ना?

युलाननं प्रामाणिकपणे तपासलं. म्हणजे यंत्राला विचारलं. यंत्र म्हणालं, हिरवं. तिनं उत्तर पाठवलं, "आमच्या सर्व चाचण्या बरोबर आहेत. कृपया सेन्सर तपासावा."

मुलानं उलट आभार मानले. त्यानं सेन्सर तपासला, त्यात काही सापडेना, पण कंपनीच म्हणतेय तर सेन्सरच बिघडला असणार असं धरून त्यानं तो प्रोग्राममधून बाजूला काढला. सगळी खोली पंख्याजवळच्या दुसऱ्या सेन्सरवर सोडली. पंख्याजवळ नेहमीच जास्त गार असतं. गार करणाऱ्या यंत्राला वाटलं, झालं पुरेसं गार, आणि ते लवकर लवकर थांबायला लागलं. थंडीआधी तळ्यांतून काढलेला दूधमासा मागच्या भिंतीला रचून ठेवलेला होता, साऱ्या गावाचा. दार उघडलं तेव्हा वासानंच कळलं.

युलानला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. या महिन्यात एका नव्या डब्याची चाचणी तिनं लिहिली. त्यात अपेक्षित उत्तर खिडकीकडून न घेता आपल्या डोक्यातून लिहिलं, उणे अठरा. ती लाल आली. तसल्याच डब्याची जुनी चाचणी मात्र हिरवी. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. मग जुनं उत्तर उघडून बघितलं. पासष्ट हजार पाचशे अठरा. आणि ते कोणी बरोबर ठरवलं तिथे तिचंच नाव.

त्याबरोबर तिला तो पुतायचा मुलगा आठवला. त्यालाच ती खुराड्यामागून फोन करत होती.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"म्हणाला, तुम्ही म्हणालात सेन्सर बघा. मी सेन्सर बघितला."

"आणि?"

"त्याला कामावरून काढलंय. गावात लोक त्याच्या वडिलांना पाहून रस्ता बदलतात. मी म्हटलं, मी माफी मागते. तो म्हणाला, मावशी, मला सांगून काय करू? माझ्या बापाला सांगा. तो माझ्याबरोबर एका टेबलावर जेवत नाही."

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुखांकडे गेली. लो म्हणून आहेत, तिच्याहून वयानं लहान, तिला युलानताई म्हणतात. माणूस वाईट नाही. सासूबाईंच्या अंत्यविधीला आले होते, शेवटपर्यंत उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला.

"युलानताई, चूक सापडली हे फार चांगलं झालं. आजच दुरुस्त करू. पुढच्या आवृत्तीत लिहू, काही आकड्यांचं प्रदर्शन सुधारलं."

"सुधारलं? ते चुकलं होतं."

"तेच ते."

"आणि तो मुलगा?"

"ताई, त्यानं सेन्सर बाजूला काढला. आपण नाही काढला."

"मी सांगितल्यावर काढला."

"हे बघा, तुम्ही कंपनीच्या नावानं काहीही लिहून पाठवू नका. मग वकील येतील, आणि पहिलं नाव तुमचं निघेल. माझ्या हातात काही राहणार नाही. तुमच्या भल्याचंच सांगतोय."

हे तिनं जेवताना सांगितलं. माझा नवरा भातावर सुक्या मुळ्याचं आम्लेट ठेवत म्हणाला, "बरोबर बोलला लो. तू काय पोलीस आहेस का स्वतःच्याच मागे लागायला?"

"दादा, त्या मुलाचं नाव गेलंय गावातून."

"नाव येतं परत. लोक विसरतात."

"तू विसरलास? आबांच्या वेळचा तो गवंडी, ज्यानं भिंत वाकडी बांधली, त्याला अजून शिव्या देतोस. आणि भिंत वाकडी नाहीच आहे, जमीन खचली होती."

नवरा पुटपुटला, "वाकडीच आहे ती," पण जोर नव्हता.

मला राहवेना. मी म्हटलं, "चल, देवळात जाऊ. कौल लावू. माता सांगेल तसं कर." आमच्याकडे लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे जमिनीवर टाकून देवाला विचारतात. एक उताणा, एक पालथा पडला की हो.

ती आली. उदबत्ती लावली, वाकली, तुकडे हातात घेतले आणि तशीच उभी राहिली. मागे एक म्हातारी खोळंबली होती, तिनं ढोसलं, "टाक की गं बाई, मलाही नातवाच्या परीक्षेचं विचारायचंय."

युलाननं तुकडे तिच्या हातात दिले.

बाहेर आल्यावर मी रागावले. "अगं, विचारायचंस तरी!"

"वहिनी, विचारलं असतं आणि नाही आलं असतं, तर मी पुन्हा टाकले असते. हो येईपर्यंत टाकत राहिले असते. मी स्वतःला ओळखते आता."

मी मातेचं नाव घेतलं आणि चालू लागले. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा ती अशी दिसली नव्हती. तेव्हा निदान रडली होती.

मग तिनं ठरवलं की काही लिहायचं नाही, स्वतः जाऊन तोंडानं सांगायचं. कंपनीची म्हणून नाही, फंग युलान म्हणून. पण मासे पाळणाऱ्या म्हाताऱ्याला हे समजेल कसं? संध्याकाळी पाल्याचे रांजण झाकताना ती म्हणाली, "वहिनी, तू त्याचा बाप हो. विचार मला."

मी कंबरेवर हात ठेवून घोगऱ्या आवाजात म्हटलं, "काय गं बये, कशाला आलीस?"

ती क्षणभर हसली. "थूकाका, तुमच्या मुलाला आमच्या यंत्रानं खोटा आकडा दाखवला."

"मग त्याला कळू नये? इतका शिकवला तो कशाला?"

"त्याला शंका आली होती. त्यानं मला विचारलं."

"मग?"

"मी सांगितलं, आमचं यंत्र बरोबर आहे."

"तू तपासलं नाहीस?"

"तपासलं. पण ज्याच्याशी ताडून बघितलं ते उत्तरच चुकलेलं होतं. आणि ते चुकलेलं उत्तर बरोबर म्हणून मीच ठेवलं होतं."

"मग माझ्या पोराचं चुकलं कुठे?"

"कुठेच नाही. त्यानं विश्वास ठेवला."

मी इथेच थांबायला हवं होतं. पण बापाच्या जागी उभी होते, तोंडातून निघून गेलं, "माझ्या पोराला काढलं. तुला काढलं का?"

युलाननं रांजणावरचा दगड सारखा केला. मग पुन्हा सारखा केला. मी म्हटलं, "अगं, मी आपलं उगाच," पण ती आत निघून गेली.

सकाळी ती कामावर गेली आणि राजीनामा देऊन दुपारीच परत आली. हातात कापडी पिशवी होती, तिच्यात चहाचा पेला, पाठीला लावायची उशी, चपला. लोंनी थांबवायचा प्रयत्न केला म्हणे. दुरुस्तीचं काय, असं तिनं विचारलं, तेव्हा त्यांनी दाखवलं. खिडकी दुरुस्त झाली होती. उत्तरही बदललं होतं, उणे अठरा. सगळं हिरवं होतं. कधी काही चुकलं होतं याची खूणही उरली नव्हती, आणि ती निघाली.

"आता करणार काय तू?" नवऱ्यानं विचारलं. ओरडेल असं वाटलं होतं, पण त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली.

"आधी फोन करते."

तिनं आमच्यासमोरच केला. पुतायच्या सोसायटीत लावला, त्यांनी थूकाकांना बोलावून आणलं. आवाज एवढा मोठा की आम्हालाही ऐकू येत होतं. पाठीमागे कोणीतरी मासे ओतत असावं.

तिनं नाव सांगितलं, कंपनीतून बोलत नाही हे सांगितलं आणि जसा सराव केला होता तसं सगळं सांगितलं. मध्ये कुठे अडली नाही. म्हातारा ऐकत होता.

मग म्हणाला, "म्हणजे पोरगा खरं बोलत होता."

"हो काका."

"तो मला हेच सांगत होता. कंपनीला विचारलं होतं म्हणून. मी म्हटलं, दुसऱ्यावर ढकलू नकोस."

युलाननं फोन दोन्ही हातांनी धरला.

"गेला तो. या आठवड्यात गेला. व्हिएतनामला. बुटांचा कारखाना आहे कोणाचा तरी, तिथे संगणक बघायला माणूस हवा होता. इथला फोन बंद केलाय. तिथला नंबर दिला नाही."

"आठ दिवसांपूर्वी मी त्याच्याशी बोलले होते."

"मग गेल्यावर कशाला सांगताय मला?"

माझा नवरा उठून अंगणात गेला. मी मातेसमोरची उदबत्ती विझली होती ती पुन्हा पेटवली, दुसरं काय करणार.

म्हातारा पुन्हा बोलला. "बाई, मला एकट्याला सांगून काही होत नाही. मी बाप आहे, मी म्हटलं तर लोक म्हणतील पोराची बाजू घेतो. तुम्हाला सांगायचंच असेल तर इथे येऊन सांगा. मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये, सगळ्यांसमोर. पहाटे सगळे असतात."

"येते."

"शिव्या देतील."

"देऊ देत."

"आणि तो ऐकायला इथे नाही, हे लक्षात ठेवा." फोन ठेवला गेला.

मी युलानपुढे गरम भात ठेवला, वर मुळ्याची आमटी. तिनं दोन घास खाल्ले आणि वाटी बाजूला सारली. "वहिनी, पोरानं मला मावशी म्हटलं होतं," एवढंच बोलली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती शेडमध्ये उभी राहून सांगेल, गाव ऐकेल, कोणी मानेल, कोणी मानणार नाही. बापाला उजळ माथ्यानं चालता येईल कदाचित. पण मुलाला कोण कळवणार, आणि कळवलं तरी तो परत येईल का, हे मला कितीही जप केला तरी सुटत नाही.

शनिवारी ती दुपारच्या गाडीनं च्यायीला जाणार आहे, तिथून बसनं पुतायला. रात्री एका लॉजवर मुक्काम. रविवारी पहाटे लिलावाच्या शेडमध्ये.